इंग्रजी तुमंत आणि क्रियापदाचा काळ

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा शब्दसंग्रह कितीहि वाढला, तरी एका ठिकाणीं तो हमखास अडखळतो. ‘तो गेला नाहीं’ याचें भाषांतर तो ‘ही डिड नॉट वेंट’ असें करतो. शिक्षक ‘वेंट’ खोडून ‘गो’ लिहितात. पण ‘गो’ कां, हें पुष्कळदां सांगितलें जात नाहीं. कारण न कळल्यामुळें तीच चूक पुढच्या वहींत पुन्हां अवतरते.

या चुकीचें मूळ मराठीच्या वळणांत आहे. मराठींत नकार सांगतांना भूतकाळाचें चिन्ह ‘गेला’ या मुख्य क्रियापदावरच राहतें व ‘नाहीं’ मागून येतें. इंग्रजींत नकारासाठीं ‘डू’ हें साहाय्यक क्रियापद पुढें येतें आणि काळाचा भार तेंच उचलतें. म्हणून ‘डू’ चें ‘डिड’ होतें. क्रियापदांच्या एका मालिकेंत काळाचें ओझें एकट्या पहिल्यानेंच वाहावयाचें, असा त्या भाषेचा दंडक आहे. ‘डिड’ नें तें उचलल्यावर ‘गो’ काळमुक्त होतें. या काळमुक्त रूपास इन्फिनिटिव्ह अथवा तुमंत म्हणतात. ‘हॅव’ व ‘बी’ यांच्यामागून मात्र ‘गॉन’, ‘गोइंग’ अशीं धातुसाधितें येतात. पण तेथेंहि काळ दाखवितें तें पहिलें क्रियापदच.

प्रत्ययानें किंवा रूप पालटून सिद्ध होणारे काळ इंग्रजींत दोनच आहेत: वर्तमान आणि भूत. आपल्या ‘जाईल’ सारखें भविष्याचें प्रत्ययान्त रूप तेथें नाहीं. ‘विल’ चा मूळ अर्थ ‘इच्छिणें’ आणि ‘शॅल’ चा ‘देणें लागणें’ असा होता. पुढें हे शब्द भविष्याच्या कामीं जुंपले गेले. त्यांच्यामागून येणारें ‘गो’ हें तुमंतच राहिलें.

आतां ‘टू’ चा विचार करूं. प्राचीन इंग्रजींत तुमंताला स्वतःचा ‘अन’ असा प्रत्यय होता आणि ‘टू’ हें ‘कडे’ अशा अर्थाचें शब्दयोगी अव्यय होतें. पुढील कांहीं शतकांत प्रत्यय झिजून गेले व ‘टू’ हेंच तुमंताची खूण बनलें. तथापि सर्वत्र त्याची गरज पडत नाहीं. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘लेट’, ‘मेक’ यांच्यामागून तें गळतें. येथें मराठी उपयोगी पडते. ‘तो पोहूं शकतो’, ‘त्याला जाऊं दे’ यांतील ‘पोहूं’, ‘जाऊं’ म्हणजे ‘टू’ वांचूनचें तुमंत. ‘तो पोहावयास आला’ यांतील ‘पोहावयास’ म्हणजे ‘टू स्विम’. ही तुलना प्रत्येक ठिकाणीं जुळत नाहीं. पण आरंभीं ती उत्तम आधार देते.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्यें क्रियाविशेषण घालूं नये, या नियमाचा पुष्कळांना धाक असतो. परंतु अर्थ संदिग्ध किंवा वाक्य कृत्रिम होत असेल, तर तें मध्यें घालणेंच बरें, असा निर्वाळा फाउलर यांनीं १९२६ सालच्या आपल्या कोशांत दिला आहे.

खरी सावधगिरी हवी ती अर्थाविषयीं. ‘ही फर्गॉट टू पे द रेंट’ म्हणजे भाडें देण्याचें राहून गेलें. ‘ही फर्गॉट पेइंग द रेंट’ म्हणजे भाडें दिलें, पण दिल्याचें स्मरण उरलें नाहीं. एका वाक्यांत मनुष्य ऋणी ठरतो, दुसऱ्यांत ऋणमुक्त. तसेंच, ‘ही इज सेड टू लिव्ह इन सातारा’ म्हणजे तो साताऱ्यास राहतो असें म्हणतात; ‘टू हॅव लिव्ह्ड’ म्हटलें, कीं तो पूर्वीं तेथें राहत होता असा अर्थ होतो. तुमंताला स्वतःचा काळ नसला, तरी मुख्य क्रियेच्या आधीं काय घडलें हें तें अशा रीतीनें दाखवूं शकतें.

सारांश, इंग्रजी वाक्य लिहितांना विद्यार्थ्यानें प्रथम एकच प्रश्न विचारावा: येथें काळाचें ओझें कोणतें क्रियापद वाहत आहे? तें एकदां सांपडलें, म्हणजे दुसऱ्यावर तें पुन्हां लादण्याचा मोह राहणार नाहीं.