हाताला घट्टे पडलेल्यांची तस्बीह
लेखमाला : रोजची इबादत (लेखांक ६)

मागच्या लेखात आपण पाच वेळच्या नमाजाबद्दल बोललो. नमाजाला वेळ ठरलेली असते, अजान आठवण करून देते, मशिदीत माणसांची सोबत असते. जिक्रचं, म्हणजे अल्लाहच्या स्मरणाचं, तसं नाही. त्याला वजूची अट नाही, दिशेची नाही, जागेची नाही. उभ्याने, बसून आणि कुशीवर पडून स्मरण करणाऱ्यांचा उल्लेख कुरआनातच आहे. इतकं मोकळं ठेवलेलं, आणि म्हणूनच रोजच्या धबडग्यात सगळ्यात आधी निसटणारं. रमजानभर हातात फिरणारी तस्बीह, म्हणजे जपमाळ, ईदनंतर खुंटीला लागते, हे कितीतरी घरांत दिसतं.

ही सवय टिकवायची कशी, याचं उत्तर मला हजरत फातिमांच्या घरात सापडतं. प्रेषित मुहम्मद (स.) यांची ही लाडकी लेक. मदिनेत तिचा संसार गरिबीचा होता. जातं ओढून तिच्या हाताला घट्टे पडले होते, पाण्याची पखाल वाहून अंगावर वळ उठले होते. वडिलांकडे काही युद्धकैदी आले आहेत असं कळलं, म्हणून घरकामाला कुणी मिळेल का हे विचारायला ती गेली. वडील भेटले नाहीत. ती प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशांजवळ निरोप ठेवून परतली. रात्री ती आणि तिचे पती हजरत अली अंथरुणावर पडले असताना प्रेषित स्वतः आले. दोघं उठू लागली, तर त्यांना तसंच राहायला सांगून ते दोघांच्या मध्ये बसले. त्यांच्या पावलांचा गारवा आपल्याला जाणवला, असं अलींनी पुढे सांगितलं आहे. नोकर मिळाला नाही. त्याऐवजी झोपण्यापूर्वी म्हणायचं स्मरण मिळालं : ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर. नोकरापेक्षा हे तुमच्यासाठी चांगलं, असं प्रेषितांनी समजावलं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आहे, आणि ही ‘तस्बीह-ए-फातिमा’ आजही जगभर म्हटली जाते.

यात शिकवलेलं स्मरण कुणा निवांत माणसासाठी नाही, दिवसभर राबून थकलेल्या बाईसाठी आहे. त्यासाठी वेगळा वेळ काढायला सांगितलेलं नाही. अंथरुणाला पाठ टेकणं रोज होणारच, त्यालाच ते जोडून दिलं आहे. एकूण शंभर उच्चार, सावकाश म्हटले तरी काही मिनिटांचे. अली म्हणत, ते ऐकल्यापासून मी कधी सोडलं नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? सिफ्फीनची लढाई इ.स. ६५७ची, मुसलमानांची आपापसातली, भयंकर रक्तपाताची. अलींचं उत्तर होतं, त्या रात्रीही नाही.

कामाला स्मरण जोडण्याची ही रीत दख्खनमध्ये फार सुंदर रूपात उतरली. विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे रचले गेले. दळता दळता बायांनी म्हणायची ही गाणी. त्यांत जात्याचा उभा दांडा म्हणजे अल्लाहच्या नावातला अलिफ, अशी कल्पना येते. हात दांड्यावर आणि जिभेवर नाम. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या अभ्यासात या गाण्यांकडे लक्ष वेधलं. त्यांच्या मते सामान्य घरांत इस्लामी श्रद्धा रुजली ती बऱ्याच अंशी अशा गाण्यांतून. जात्यावरच्या ओव्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये रोजच्या वजीफ्यांवर, म्हणजे नेमाने करायच्या स्मरण-पठणावर, एक संपूर्ण प्रकरण लिहिलं. त्यात विद्वानाचा दिनक्रम वेगळा, विद्यार्थ्याचा वेगळा, कष्टकऱ्याचा वेगळा. कारागिराने कुटुंबाला उपाशी ठेवून दिवसभर इबादतीत बसू नये, बाजारात आपलं काम करावं आणि काम करताना अल्लाहला विसरू नये, असं ते सांगतात. मला हा या ग्रंथातला सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो.

तोंडाने चालू असतं पण मन भलतीकडे, ही तक्रार नेहमी ऐकू येते. गझालींनीही मन गैरहजर असलेल्या जिक्रला फारसं मोल दिलेलं नाही. पण सुरुवातीला मन ओढूनताणूनच आणावं लागतं आणि चिकाटी धरली की पुढे त्याचीच ओढ लागते, हेही तेच सांगतात. मन लागेपर्यंत थांबणाऱ्याचं मन कधीच लागत नाही.

तेव्हा सुरुवात फक्त झोपतानाच्या या तस्बीहने करावी. ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरं काही जोडू नये. नंतर प्रत्येक नमाजाचा सलाम फेरल्यावर जागेवरून उठण्याआधीची तस्बीह घ्यावी. मोबाइलवर फिरणारे हजारो वेळांचे वजीफे आणि त्यांच्या पुण्याचे आकडे आधी जाणत्या आलिमाला दाखवावेत. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना आधार नसतो, आणि असला तरी नवशिक्याला ते ओझं पेलत नाही. अल्लाहला सगळ्यात प्रिय काम ते, जे थोडं का असेना पण सातत्याने होतं, असं प्रेषितांचं सांगणं हजरत आयेशांकडून आपल्यापर्यंत आलं आहे. मोजायला माळ असली तर उत्तम, नसली तर बोटांची पेरं आहेतच. बायकांना बोटांवर मोजायला प्रेषितांनीच सांगितलं होतं.

राहिला प्रश्न खंड पडण्याचा. एक दिवस चुकला की अनेकजण सगळंच सोडून देतात. हजरत उमर यांच्या रिवायतीत आहे की रात्रीचं ठरलेलं पठण झोपेमुळे राहून गेलं आणि ते फजर ते जोहर यांदरम्यान पूर्ण केलं, तर ते रात्रीच केल्यासारखं लिहिलं जातं. इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी ‘अल-अजकार’मध्ये नेमाच्या जिक्रलाही हेच लागू केलं : चुकलं तर जमेल तेव्हा भरून काढावं. तस्बीह म्हणता म्हणता डोळा लागला, तर सकाळी फजरनंतर, लोकलमध्ये किंवा शेताच्या वाटेवर ती म्हणून घ्यावी. पुढच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळच्या दुआंकडे वळू.