चौदाव्या वर्षीचं मळभ

मेंदू लहानपणापासून वाढतच जातो, असं आपण धरून चालतो. शिकागोचे बालमेंदूतज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी १९७९ साली मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा निघालं भलतंच. वेगवेगळ्या वयांत मरण पावलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवून त्यांनी पेशीपेशींमधल्या जोडण्या मोजल्या होत्या. कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या बाळाच्या जोडण्या मोठ्या माणसापेक्षा जवळपास दीडपट दाट भरल्या! पुढे सोळाव्या वर्षापर्यंत त्या कमी कमी होत गेल्या. म्हणजे मूल बेरीज-वजाबाकी शिकत असतं, त्याच काळात त्याचा मेंदू आपल्याच जोडण्या मोडून टाकत असतो. वापरातल्या ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या. नाशिकचा बागायतदार द्राक्षवेलीवर कात्री चालवतो तेव्हा त्याला वेल मारायची नसते, इथेही तसंच.

पुढे जे गीड आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे एमआरआय वर्षानुवर्षं काढले, तेव्हा या छाटणीचा क्रमही दिसला. कपाळामागचा भाग, जो थांबून विचार करतो, घाईला आवर घालतो, तो पक्का व्हायला पंचविशी उजाडते. भावनांची उसळी मात्र वयात येताच सुरू होते. जोर आधी, लगाम मागून. या वयात नैराश्य गाठतं त्यामागे ही विसंगतीही असू शकते, मात्र ते या एकाच कारणाने येतं असं नाही. आनुवंशिकता, घरातले ताण, छळ, एकटेपणा, सगळ्यांचा हात असतो. पण हे सगळं नेमकं बांधकाम चालू असताना आदळतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधीतरी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली आढळली. मुलगे आणि मुली वयात येईपर्यंत नैराश्याच्या प्रमाणात साधारण बरोबरीने असतात. त्यानंतर मुलींमधलं नैराश्य मुलग्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं.

आता ठाण्याच्या कोपरीतल्या एखाद्या शाळेचा आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. समजा, पटावर साठ मुलं आहेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. त्या हिशेबाने या वर्गातली चारेक मुलं. ती ओळखायची कशी? कोपऱ्यात बसून रडणारं मूल शोधाल तर फसाल. या वयातलं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या वेषात येतं. डबा तसाच परत येतो. संध्याकाळी खाली खेळायला जाणं बंद होतं. आईने ‘काय झालं रे?’ विचारलं की ‘काही नाही, तू जा ना!’ म्हणून दार आपटलं जातं. मोठ्यांच्या निदानात उदास मन किंवा कशातच रस न उरणं, यांतलं एक तरी असावं लागतं; मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडकेपणाही धरला जातो, दोन आठवडे जवळजवळ रोज असेल तर. उशिरा झोपण्यावर मात्र लगेच शिक्का मारू नये. पौगंडावस्थेत झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, रात्री उशिरा पाझरू लागतं. सकाळच्या सातच्या शाळेला शरीराचं हे घड्याळ ठाऊक नसतं.

उपचारांची गोष्ट तर आणखी नवलाची. २००४ साली अमेरिकेतल्या ४३९ मुलांवरच्या चाचणीत फ्लुओक्सेटिनची गोळी आणि विचार-वर्तनावरचं समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी बारा आठवड्यांत ७१ टक्के सुधारले. नुसत्या गोळीने ६१, नुसत्या समुपदेशनाने ४३. आणि औषध नसलेल्या गोळीनेही ३५! कुणीतरी आपल्याकडे नियमित लक्ष देतंय, विचारपूस करतंय, याचाही त्यात वाटा असणार.

मग हे लक्ष द्यायला माणसं कुठून आणायची? ठाण्यात मनोरुग्णालय तर १९०१ पासूनच आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यातच आयपीएच ही संस्था सुरू केली आणि मनाचं आरोग्य हा चारचौघांत बोलायचा विषय केला. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने आणखी धाडसी प्रश्न विचारला: मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसाला नीट तयार केलं, तर तो उपचार देऊ शकेल? २०१७ साली उत्तर आलं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या प्रौढ रुग्णांना अशा समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. मूड येण्याची वाट न बघता सुटलेलं एखादं काम पुन्हा हाती घ्यायचं, एवढंच त्या बैठकांचं सूत्र. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

मुलांसाठी याच मंडळींनी दिल्लीच्या सरकारी शाळांत आणखी आटोपशीर पद्धत तपासली. सगळ्यांना चित्रकथांच्या पुस्तिका दिल्या आणि निम्म्यांना शिवाय समुपदेशकही. त्रास काय आहे ते नेमकं लिहायचं, पर्याय काढायचे, एक निवडून करून बघायचा. ‘घरी भांडणं होतात’ एवढ्यावर न थांबता ‘भांडण चालू असताना मी अभ्यासाला कुठे बसू?’ इथपर्यंत यायचं. मुलांनी स्वतः मांडलेल्या अडचणींचा भार समुपदेशक मिळालेल्यांत जास्त हलका झाला. लक्षणांच्या एकूण मोजमापात मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. गंभीर आजाराला डॉक्टर लागतोच. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं निघालं, तर एक दिवसही थांबू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

ज्या मेंदूत अजून कात्री चालू आहे, तो नव्या सवयीही लवकर धरतो. आजार निम्म्या जणांना चौदाव्या वर्षापर्यंत गाठत असेल, तर उपचाराची पहिली खुर्चीही इस्पितळाआधी आठवीच्या वर्गाशेजारी मांडायला हवी. त्या खुर्चीवर बसणारा माणूस मानसोपचाराच्या पदवीशिवायही तयार होऊ शकतो, हे गोव्याने प्रौढांच्या बाबतीत दाखवून दिलंच आहे.