बॉम जेझू बॅसिलिका : वास्तू, सजावट आणि जांभ्याचे जतन

वेळणेश्वरपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर जांभा हा पारंपरिक बांधकामाचा प्रमुख दगड होय. जुन्या गोव्यातील जेझुइट मठाला संलग्न असलेले बॉम जेझू चर्च (१५९४-१६०५) याच दगडाचे आहे. त्याचा अंतर्भाग विशेष अलंकृत आहे. सोनेरी मुलाम्याची बरोक काष्ठवेदी, गोमंतकीय कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविलेली सेंट फ्रान्सिस झेवियर यांची रौप्यपेटिका आणि तिच्याखालील, फ्लॉरेन्सचे शिल्पकार फोजिनी यांचे संगमरवरी स्मारक (१६९८) ही त्याची ठळक उदाहरणे होत.

जांभा सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा त्याचे पावसापासून रक्षण करतो. १९५० च्या दशकात येथील भिंतींवरील गिलावा काढण्यात आला व पाणी थेट दगडात मुरू लागले. त्यामुळे भिंतींचा आजचा उघडा लाल रंग हे त्यांचे मूळ रूप मानता येत नाही. गिलाव्याचा प्रश्न सौंदर्याचा नसून वास्तूच्या आयुष्याचा आहे.