ट्रॅक्टरची यारी आणि अधांतरी ओझं

विहिरीचा हिशेब आपण फुटांत आणि रुपयांत करतो. तो एकदा वजनात करून बघावा. आठ मीटर व्यासाची आणि पंधरा मीटर खोल विहीर म्हणजे सुमारे साडेसातशे घनमीटर माती, मुरूम, मांजऱ्या आणि काळा दगड. वरचा थर हलका, खालचा जड. सरासरी काढली तरी १,८०० टनांच्या आसपास माल जमिनीच्या पोटातून काठावर आणायचा. एका खेपेला अर्धा टन धरला, तर ३,६०० खेपा. आणि रिकामी बकेट तेवढ्याच वेळा खाली सोडायची.

आकडा ऐकून छाती दडपते, पण इथे एक गंमत आहे. एवढा माल सरासरी नऊ मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा विजेच्या मीटरवर मोजली, तर जेमतेम ४५ युनिट भरते. अर्धा टन ओझं मिनिटाला वीस मीटर वेगाने वर आणायचं, तर सव्वादोन अश्वशक्ती पुरते. दारात उभा असलेला ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा असतो. मग प्रत्यक्षात डिझेल एवढं कसं जळतं? खाली माणसं बकेट भरत असतात तेव्हा इंजिन नुसतंच घुरघुरत असतं, म्हणून. उचलणं हा त्यातला अगदी थोडा भाग.

ट्रॅक्टरच्या मागे यारी जोडून देणारे फॅब्रिकेटर आपल्या यंत्राची ओळख ‘किती टन उचलतं’ यावरून करून देतात, ती म्हणूनच मला अर्धवट वाटते. उचलण्यापुरती ताकद ट्रॅक्टरकडे हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याच्याकडे जे मुळात नाही, ते यारीच्या गिअरने आणि ब्रेकने पुरवायचं असतं: अधांतरी ओझं जागच्या जागी धरून ठेवणं आणि ते सावकाश खाली सोडणं.

मोटेला ही अडचण नव्हती. बैल धावेवरून उताराला चालत जायचे, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही नाडा ओढायला कामी यायचं. मोट थारोळ्यात रिकामी झाली की तेच बैल मागे सरकत वर यायचे आणि मोट त्यांच्याच चालीने विहिरीत उतरायची. मध्येच थांबायचं झालं तर मोटकऱ्याने कासरा खेचायचा, बैल उभे. वर नेणं, धरणं आणि खाली सोडणं ही तिन्ही कामं एकाच जोडीकडे होती. ट्रॅक्टरने यातलं पहिलं काम तेवढं घेतलं.

हे समजायला ट्रॅक्टरच्या पाठीमागचा तो खाचांचा दांडा, म्हणजे पीटीओ, नीट पाहावा लागतो. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८च्या सुमारास तो ट्रॅक्टरवर बाजारात आणला, आणि १९२७ मध्ये तिथल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने त्याचं मानक ठरवलं. पुढे ५४० फेरे हा आकडा जगभरच्या अवजारांना चिकटला तो आजतागायत. रोटाव्हेटर असो, मळणी यंत्र असो की फवारणीचा पंप, बहुतेक मिनिटाला ५४० फेरे गृहीत धरून बनतात. हा दांडा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. काही ट्रॅक्टरना उलटा फिरणारा पीटीओ मिळतो, पण बहुतेकांना नाही.

आता या दांड्याला थेट अडीचशे मिलिमीटर व्यासाचा ड्रम बसवला असं समजा. एका फेऱ्यात ड्रमवर सुमारे ८२ सेंटिमीटर दोर गुंडाळला जाईल. ५४० फेऱ्यांत साडेचारशे मीटरच्या आसपास. म्हणजे बकेट ताशी २६-२७ किलोमीटर वेगाने वर येईल आणि दोन-सव्वादोन सेकंदांत पुलीवर आदळेल. आपल्याला हवेत मिनिटाला वीस मीटर, म्हणजे ड्रमचे चोवीस-पंचवीस फेरे. बावीसास एक अशी घट करावी लागते, आणि गिअरची पहिली गरज इथे येते. वेग बावीस पटीने उतरला की फिरवण्याचा जोर जवळपास तेवढाच चढतो, हा त्यातला दुसरा लाभ. तो नेहमी हवाच असतो असं नाही, त्याबद्दल पुढे.

ही घट साधायचे तीन रस्ते प्रचारात आहेत. पहिला साध्या दात्यांच्या चाकांचा. दोन टप्प्यांत बावीसाचा भाग बसतो, प्रत्येक टप्प्याला दोन-तीन टक्केच ताकद वाया जाते आणि दुरुस्ती गावातल्या लेथवरही होते. पण जी चाकं ताकद सहज पुढे जाऊ देतात, ती तितक्याच सहज मागेही येऊ देतात. वरून जोर थांबला की ओझं ड्रम उलटा फिरवायला लागतं. दुसरा रस्ता वर्म गिअरचा: स्क्रूसारखा पोलादी वर्म आणि त्यात अडकणारं ब्राँझचं चाक. एकाच टप्प्यात चाळीसास एक अशी घटही मिळते. स्क्रूच्या आट्यांचा उतार अगदी कमी ठेवला, तर चाकाने कितीही जोर लावला तरी वर्म उलटा फिरत नाही. बोल्टवर नट स्वतःहून खाली घरंगळत नाही, तसंच हे. याची किंमत अशी की असा आपोआप अडणारा वर्म गिअर निम्म्याहून अधिक ताकद घर्षणात उष्णता करून उडवतो. कारखान्यातला इंजिनिअर एवढ्या नासाडीला नाक मुरडेल. पण सव्वादोन अश्वशक्तीच्या कामाला साडेचार लागली तर ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला काय फरक पडतो? विजेच्या मोटरीवर हा सौदा महागात पडला असता, ट्रॅक्टरवर तो फायद्याचा आहे. फक्त पेटीतल्या तेलाची पातळी आणि तापमान यांवर लक्ष हवं. वर्म गिअर अडतो म्हणून ब्रेक नको, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नये. हादऱ्यांनी तो हळूहळू सरकू शकतो, आणि चाकाचे दाते झिजले की अडायला काहीच उरत नाही.

तिसरा रस्ता आपल्याकडचा: भंगारातल्या जीपचा किंवा ट्रकचा गिअरबॉक्स. तो स्वस्त असतो, त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात, आणि मुख्य म्हणजे त्यात रिव्हर्स आयता असतो. पीटीओ एकाच दिशेने फिरतो, ही अडचण एका दांडीच्या हालचालीत सुटते. बकेट वर न्यायला पहिला गिअर, खाली सोडायला रिव्हर्स. जुगाड म्हणून याची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही, यामागे चांगलं डोकं आहे. पण मोटारगाडीचा गिअरबॉक्स रस्त्यासाठी बनलेला असतो. पहिल्या गिअरमधून रिव्हर्सला जाताना तो न्यूट्रलमधून जातो. रस्त्यावर न्यूट्रल म्हणजे विसावा. विहिरीवर न्यूट्रल म्हणजे अर्ध्या टनाचा इंजिनाशी असलेला सगळा संबंध संपला.

आणि तोच धोका क्लचमध्येही दडलेला आहे. जुन्या, एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की चाकंही सुटतात आणि पीटीओही. नांगरणीत वर्षानुवर्षं घडलेली सवय सांगते: काही गडबड वाटली की क्लच दाबा. साध्या दात्यांची यारी मागे जोडलेली असेल, तर नेमकी तीच सवय बकेट खाली सोडून देते. दुहेरी क्लचच्या किंवा स्वतंत्र पीटीओच्या ट्रॅक्टरवर परिस्थिती बरी, पण तिथेही पीटीओ बंद केला की ओझं कुणाच्या भरवशावर आहे, हा प्रश्न उरतोच.

उत्तर एकच: ब्रेक, आणि तो ड्रमवरच. गिअरपेटीच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला लावलेला ब्रेक लहान पुरतो म्हणून मोह होतो. पण मधली चावी उडाली, शाफ्ट तुटला किंवा दाते गळाले, की तो ब्रेक शाबूत राहूनही निरुपयोगी. ड्रमच्या कडेला गुंडाळलेला पट्ट्याचा ब्रेक हा सर्वांत साधा प्रकार, पण त्यात एक खोच आहे जी अनेक यंत्रांवर चुकलेली दिसते. पट्ट्याचं एक टोक सांगाड्याला पक्कं असतं, दुसरं हँडलला. ड्रम ज्या बाजूला घसरू पाहतो, त्या घसरणीने पट्टा स्वतःच अधिक आवळला जाईल अशा दिशेने ही टोकं जोडायला हवीत. पट्टा ड्रमभोवती पाऊण वेढा असेल आणि अस्तर कोरडं असेल, तर योग्य दिशेने लावलेला ब्रेक तेवढ्याच हाताच्या जोरात उलट्या दिशेच्या चौपट पकडतो. अस्तरावर तेल-ग्रीस आलं की ही चौपट दीडपटीवर घसरते. ब्रेक स्प्रिंगने कायम लागलेला असावा आणि हँडल दाबलं तरच सुटावा. चालकाचा हात निसटला, तो घसरून पडला, तरी बकेट थांबली पाहिजे.

एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच पाळण्यावर उभं राहून दोर कापायला लावला होता. माल वर नेणारे पाळणे त्याआधीही होते. त्याने लोकांना दाखवलं ते दोर तुटल्यावर पाळणा जागीच अडकवणारं खटक्याचं साधन. लिफ्टच्या धंद्याचा पाया उचलण्यावर नव्हे, अडवण्यावर रचला गेला. यारीच्या बकेटला असं कोणतंही साधन नसतं. म्हणूनच माती-दगडाच्या बकेटमध्ये उभं राहून माणसांनी विहिरीत उतरणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत मला कधीच पटलेली नाही. शिडी वेळखाऊ आहे हे मान्य, पण ती न्यूट्रलमध्ये जात नाही.

आता त्या चढलेल्या जोराबद्दल. ट्रॅक्टरच्या पीटीओवर तीस अश्वशक्ती मिळते असं धरलं, तर मिनिटाला वीस मीटर वेगाने, साध्या दात्यांच्या गिअरमधून दोरावर सहा टनांच्या वर ओढ येऊ शकते. बारा मिलिमीटरचा चांगला वायररोप सात-आठ टनांना तुटतो. म्हणजे नवा दोर कसाबसा तग धरेल, जुना नाही. बकेट वर येताना खडकाच्या कपारीत अडकली, तर इंजिनाचा आवाज थोडा जाड होण्यापलीकडे ट्रॅक्टरला काही कळतच नाही. तो ओढत राहतो. आधी काय तुटेल, एवढाच प्रश्न उरतो: दोर, पुलीची पिन की सांगाडा. सांगाड्याची अवस्था तर आणखी नाजूक, कारण वर जाऊन पुलीवरून पुन्हा खाली येणारा दोर पुलीवर ओझ्याच्या जवळजवळ दुप्पट भार टाकतो. अर्ध्या टनाच्या बकेटसाठी वरची पुली एक टनाची धरावी लागते, आणि अडकलेल्या बकेटसाठी किती, याचा विचार न केलेलाच बरा.

यावर उपाय म्हणून पीटीओच्या जोडशाफ्टमध्ये शिअर बोल्ट घालतात: जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारा मऊ बोल्ट. रोटाव्हेटरला हे उत्तम. यारीला तो चालतो तो एकाच अटीवर, की बोल्ट ट्रॅक्टर आणि ब्रेक यांच्या मध्ये असावा. ब्रेक आणि ड्रम यांच्या मध्ये बसवला, तर यंत्र वाचवणारा बोल्ट तुटताक्षणी बकेट मोकळी करतो. घसरणारा क्लच मिळाला तर तो अधिक बरा.

दोराबद्दल थोडक्यात. मालाच्या यारीला दोर तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं टांगू नये, ड्रमचा व्यास दोराच्या निदान अठरा-वीस पट असावा, आणि बकेट तळाला टेकली असतानाही ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहावेत. शेवटचा सगळा भार टोकाच्या पकडीवर येऊ नये, म्हणून हे वेढे. यू-क्लॅम्प लावताना त्याची खोबणीची बैठक भार घेणाऱ्या दोरावर आणि गोल बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट लावले तर बोल्ट भार घेणाऱ्या दोरालाच चेपतो.

जोडशाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून टाकण्याची सवय तर सगळीकडेच आहे. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उघडा शाफ्ट धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर सेकंदाला दोन मीटर या गतीने गुंडाळून घेतो. यात ओरडायलाही वेळ नसतो.

इंटरनेटवर युरोपातल्या जंगलातले ट्रॅक्टर-विंच पाहून ते मागवण्याचा विचार काही जण करतात. स्लोव्हेनिया, फिनलंड, नॉर्वे इथे बनणारी ही यंत्रं अप्रतिम आहेत. ट्रॅक्टरच्या तीन-बिंदू जोडणीवर बसतात आणि उतारावरून तोडलेली झाडं ओढून आणतात. पण ती ओढण्यासाठी आहेत, टांगण्यासाठी नाहीत. ओंडका ओढताना दोर सैल सोडला तर तो जमिनीवर पडून राहतो, म्हणून तिथे ड्रम मोकळा फिरवता येणं ही सोय असते. विहिरीवर तीच सोय घातक.

यारी विकत घेताना किंवा भाड्याने आणताना पाहण्यासारखं बरंच आहे, पण एक चाचणी अर्ध्या तासात होते. बकेटमध्ये ठरलेल्या मालाच्या सव्वापट दगड भरा, ती मोकळ्या जागेत जमिनीपासून दोन फूट उचला, पीटीओ सोडा, इंजिन बंद करा आणि सगळ्यांना लांब उभं करा. दोरावर आणि सांगाड्यावर समोरासमोर खडूची खूण करा. दहा मिनिटांनी खुणा एकमेकींसमोर नसतील, तर पट्ट्याचं अस्तर तपासा. ते ठीक असेल, तर पट्ट्याचं कोणतं टोक हँडलला जोडलंय ते पाहा. फॅब्रिकेटर म्हणेल, थोडं सरकतंच. त्याला ती यारी परत न्यायला सांगा.