कावीळ नेमकी कोणती?

डोळे पिवळे दिसले की पहिला सल्ला येतो, "कावीळ उतरवून आणा." गळ्यात माळ पडते, ती दिवसागणिक लांबते आणि लांबली तितका रोग उतरला असे मानतात. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ निरोगी माणसाच्या गळ्यातही लांबतेच. हिपॅटायटिसच्या ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते. हळद बंद करण्याचेही तसेच. डोळ्यांत उतरतो तो बिलिरुबिन या रंगद्रव्याचा पिवळेपणा. हळदीचा त्याच्याशी संबंध नाही.

कावीळ हे लक्षण आहे. तिच्यामागे पित्तनलिकेतला खडा असेल, दारू असेल, एखादे औषध असेल किंवा हिपॅटायटिसच्या ए, बी, सी, डी, ई या पाच विषाणूंपैकी एक असेल. कोणता, यावर पुढचे सारे अवलंबून.

'पाण्यातून येते ती ए' हा गैरसमज तर एकेकाळी डॉक्टरांचाही होता. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ए समजली गेली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासले, तेव्हा १९८० मध्ये कळले की तो ए नव्हताच. या कामात पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे, म्हणजे एनआयव्हीचे संशोधक सहभागी होते. कोल्हापूरच्या १९८१ च्या साथीचाही या संस्थेने अभ्यास केला. पुढे डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांना या काविळीशी निगडित विषाणूसदृश कण सापडले. तो शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये १९८८ साली आला. हाच आजचा ई.

पुण्यातल्या १९८२ आणि १९९२ च्या रक्तनमुन्यांची त्यांनी तुलना केली, त्यातून एक गोष्ट पुढे आली. ए बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला असे, ई ची लागण मात्र तरुण वयात वाढत होती. पाण्याची वाट एकच, तरी गाठण्याचे वय वेगळे. गर्भवतींसाठी हा फरक जिवावरचा आहे: शेवटच्या तिमाहीत ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी माळेत घालवलेला एक दिवससुद्धा महाग पडतो.

बी आणि सी पाण्यातून येत नाहीत, ताट-वाटीतूनही नाही. घरातल्या बी-बाधित सुनेची भांडी वेगळी ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे. हे विषाणू रक्तातून पसरतात. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो, म्हणून बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत बी ची लस द्यायची. सी ला लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांच्या शरीरातून जातो. २०१८ साली सुरू झालेल्या हिपॅटायटिससाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

आता 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा लाडका उपदेश. बी मध्ये यकृताच्या पेशी विषाणूपेक्षा आपल्याच प्रतिकारपेशींच्या हल्ल्यात जास्त मरतात. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद असो, पण यकृताचे प्रत्यारोपण झालेल्याच्या बाबतीत वादाला जागाच नाही. परक्या यकृतावर हल्ला होऊ नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. तिथे काढ्याने ती 'वाढवणे' म्हणजे त्या औषधांच्या विरोधात जाणे. उलट टोकही आहे: फ्रान्समध्ये प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांत ई दीर्घकाळ ठाण मांडून बसल्याचे २००८ मध्ये आढळले, कारण त्याला हुसकणारी ताकदच दाबलेली होती.

प्रत्यारोपणासाठी यकृताचा तुकडा देणारा जन्माचा अधू होतो, ही भीतीही खरी नाही. उरलेले यकृत काही आठवड्यांतच बरेचसे वाढते. शस्त्रक्रिया मोठी आहे, धोका शून्य नाही, म्हणून दात्याची कसून तपासणी होते. मेंदूमृत दात्याचे यकृत कोणाला जाणार, हे पुण्यात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची प्रतीक्षा यादी ठरवते, ओळखपाळख नव्हे.

डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासून घ्या आणि अहवालात विषाणूचे नाव आहे का, हे डॉक्टरांना विचारा.