तीस हजारांचे अनुदान आणि गावचे वाचनालय

सार्वजनिक कार्याला लागणाऱ्या पैशाविषयी आपल्या समाजात एक समजूत चांगलीच रुजलेली आहे. एखादा मोठा दाता भेटला की संस्था मोठी होते, आणि वर्षाकाठी मिळणारे लहानसे अनुदान ही केवळ बोळवण असते, असे आपण धरून चालतो. वार्षिक सभेतील अहवालातही देणगीदारांची नावे ठळक अक्षरांत छापली जातात आणि अनुदानाची रक्कम जमाखर्चाच्या एका ओळीत उरकली जाते. अशी लहान, स्थानिक आणि नियमित मदत एखाद्या संस्थेला कालांतराने कशी मोठी करते, हे पाहायचे असेल तर महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

येथे प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाचनालयाच्या पाटीवर ‘शासनमान्य’ हा शब्द असला म्हणजे ते सरकारी आहे, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः ही वाचनालये लोकांच्या संस्था आहेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली त्यांची नोंदणी होते, सभासदांनी निवडलेले कार्यकारी मंडळ त्यांचा कारभार पाहते, आणि नफा वाटून घेण्याचा प्रश्नच नसतो. शासन त्यांना मान्यता देते व साहाय्यक अनुदान देते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला; आजची सर्व व्यवस्था त्यावर उभी आहे.

परंतु या विचाराचे मूळ त्याहून जुने आहे, आणि त्याचे श्रेय नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या व पुढे बडोद्याच्या गादीवर बसलेल्या एका राजाकडे जाते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. या योजनेतील मर्म असे होते की, गावाने वाचनालयासाठी ठराविक मर्यादेपर्यंत जी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तितकीच संस्थानाने. सयाजीरावांच्या तिजोरीला एखाद्या खेड्याचे वाचनालय संपूर्ण बांधून देणे मुळीच जड नव्हते. तरीही पहिला रुपया गावाचा असावा, हा त्यांचा आग्रह होता. ज्या वाचनालयात आपली वर्गणी आहे त्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, याची चौकशी गाव करतोच!

महाराष्ट्राच्या पद्धतीत हेच तत्त्व निराळ्या रूपात दिसते. मान्य झालेल्या खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंतच, आणि तेही वर्गानुसार ठरलेल्या कमाल मर्यादेत, अनुदान मिळते. उरलेले संस्थेने स्वतः उभे करायचे. जिल्हा, तालुका आणि ‘इतर’ अशा तीन गटांत ग्रंथालये विभागलेली असून गावचे नवे वाचनालय ‘इतर ड’ या सर्वांत खालच्या वर्गात प्रवेश करते. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास यांत ठरलेली वाढ झाली की ते ‘क’ वर्गात जाते, पुढे ‘ब’ आणि शेवटी ‘अ’. २०१२ साली लागू झालेल्या दरांप्रमाणे ‘ड’ वर्गास वर्षाला ३०,००० रुपये, ‘क’ वर्गास ९६,००० रुपये, ‘ब’ वर्गास १,९२,००० रुपये आणि ‘अ’ वर्गास २,८८,००० रुपये मिळत असत. २०२२ मध्ये या दरांत ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ‘ड’ वर्गाची रक्कम ४८,००० रुपयांवर गेली.

आता तीस हजार रुपयांत काय होते? एखाद्या विवाहसोहळ्यातील मांडवाचा खर्चही याहून अधिक असतो. तरीही ही रक्कम वर्षामागून वर्ष येत राहिली म्हणजे तिच्यातून तीन गोष्टी घडतात, आणि त्या तिन्ही पैशापेक्षा मोलाच्या असतात.

वाचनालय ठरलेल्या वेळी उघडू लागते, ही त्यांतील पहिली. ध्येयवादी तरुणांनी उत्साहाने सुरू केलेली वाचनालये बंद पडतात ती बहुधा पुस्तकांच्या अभावी नव्हे. किल्ली ज्याच्याकडे असते त्याला नोकरी लागते, तो शहरात जातो आणि दार उघडेनासे होते. अनुदानातून अल्प का होईना, मानधन मिळणारी एक व्यक्ती नेमता येते. संध्याकाळी अमुक वाजता दार उघडणार, ही खात्री एकदा गावाला पटली की वृत्तपत्र वाचायला येणारे वृद्ध, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी आणि दुपारच्या फावल्या वेळात कादंबरी बदलून नेणाऱ्या गृहिणी हळूहळू सभासद होतात. वर्गणी वाढते, आणि त्या वर्गणीतून संस्थेचा स्वतःचा वाटा भरला जातो.

दुसरी गोष्ट दिसायला रुक्ष आहे. पण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. अनुदान घ्यायचे तर दाखल नोंदवही ठेवावी लागते. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक द्यावा लागतो, देवघेवीची नोंद करावी लागते, पावत्या जपाव्या लागतात, सभेचे इतिवृत्त लिहावे लागते, सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाच्या तपासणीला तोंड द्यावे लागते. आमच्याकडील अनेक कार्यकर्त्यांना हे सारे कटकटीचे वाटते. ‘आम्ही सेवा करायची की कागद रंगवायचे?’ हा प्रश्न सेवाभावी संस्थांच्या बैठकांतून हमखास ऐकू येतो. परंतु दहा वर्षे हा कागद नीट रंगवलेल्या संस्थेत अध्यक्ष बदलला तरी कारभार अडत नाही. संस्थापकाच्या स्मरणशक्तीवर चालणारी संस्था संस्थापकाबरोबर थकते.

तिसरी गोष्ट म्हणजे पत. एका ठिकाणी हिशेब चोख आहेत असे दिसले की दुसरा दाता धजावतो. राजा राममोहन रॉय यांच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९७२ साली, कोलकात्यात स्थापन झालेले त्यांच्या नावाचे ग्रंथालय प्रतिष्ठान ग्रंथ, कपाटे, इमारत यांसाठी साहाय्य करते. तेथे अर्ज करायचा तर मान्यता आणि तपासलेले हिशेब हवेत. ग्रामपंचायत खोली देते, एखादी पतसंस्था कपाट देते, परगावी स्थायिक झालेला माजी विद्यार्थी आईच्या स्मरणार्थ बालविभाग सुरू करून देतो. या सर्वांना आश्वासन मिळते ते त्या लहानशा अनुदानाने आधीच लावलेल्या शिस्तीतून.

हे चित्र येथेच संपले असते तर फार बरे झाले असते. २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावर असलेली पुस्तके कपाटात नाहीत, पाटी आहे पण वाचक नाहीत, असे प्रकार उघडकीस आले, हे खरे आहे. अशा संस्थांवर कारवाई व्हायलाच हवी होती. परंतु त्यानंतर नव्या वाचनालयांची मान्यता आणि जुन्यांची वर्गवाढ दीर्घकाळ थांबली, आणि तिचा फटका बसला तो प्रामाणिकपणे पुस्तके व सभासद वाढवणाऱ्या वाचनालयांना. ‘क’ वर्गाच्या अटी पूर्ण करूनही ‘ड’ वर्गाच्या रकमेत घर चालवायचे, म्हणजे वाढत्या मुलाला जुनाच सदरा घालण्यासारखे झाले. त्यातच २०१२ पासून २०२२ पर्यंत रक्कम तीच राहिली. तीस हजारांतील निम्मे पैसे ग्रंथपालाला दिले असे गृहीत धरले तर महिन्याला १,२५० रुपये होतात. वाढीनंतरही तोच हिशेब २,००० रुपयांवर थांबतो. एवढ्या मानधनावर तीन-चार तास दार उघडे ठेवणारी माणसे आजही खेड्यापाड्यांत आहेत, ही आपल्या समाजाची श्रीमंती म्हणावी की निष्ठुरता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यावरून लहान अनुदानाचे बळ नेमके कशात आहे, ते कळते. रक्कम लहान असली तरी चालते. मात्र ती वेळेवर यावी लागते, आणि पुढची पायरी चढण्याचा मार्ग मोकळा असावा लागतो. पायरी बंद झाली की तेच अनुदान संस्थेला आहे तेथेच बांधून ठेवते. मग अधिक पुस्तके घेण्यात, अधिक सभासद करण्यात कार्यकारी मंडळाला स्वारस्य उरत नाही, आणि अनुदानापुरतेच काम करण्याची सवय लागते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण पतपेढ्या, सहकारी संस्था, सण-उत्सवांची मंडळे किंवा कुटुंबाच्या स्मृतिनिधीचे विश्वस्त या नात्याने स्वतः देणाऱ्याच्या आसनावर बसलेले आहात. आपल्यापुढे गावच्या वाचनालयाचा अर्ज आला, तर पन्नास हजार रुपये एकदाच देऊन नामफलक लावण्याऐवजी दहा हजार रुपये पाच वर्षे देण्याचा ठराव करून पाहावा. त्यासोबत संस्थेने दोन हजारांची स्थानिक वर्गणी दाखवावी, एवढीच अट असावी. आणि दुसऱ्या वर्षी सभासद वाढले असतील तर आपली रक्कम थोडी वाढवण्याची तयारीही असावी. या पैशातून ग्रंथपालाचे मानधन देऊ नये, अशी अट मात्र कृपया घालू नये. पुस्तके देणारे दाते पुष्कळ मिळतात. संध्याकाळी दार उघडणाऱ्याला कोण देतो, असे विचारले की सभेत शांतता पसरते. हिशेबासाठी वर्षाअखेरीस एका पानाचे जमाखर्चपत्रक आणि देवघेव नोंदवहीची शेवटची काही पाने मागवावीत. त्या पानांवर तारखा रोजच्या आहेत की एकाच दिवशी एकाच शाईने भरलेल्या आहेत, हे कोणालाही चष्म्याशिवाय ओळखता येते.