पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत

इंग्लंडमधल्या यॉर्कच्या एक्झिबिशन स्क्वेअरमध्ये, आर्ट गॅलरीच्या दारासमोर, विल्यम एटी या चित्रकाराचा पुतळा आहे. सकाळी त्याच्या आसपास माणसं जमू लागतात. कुणाच्या पाठीवर सॅक, कुणाच्या हातात कॉफीचा कागदी पेला, कुणाचं लहान मूल बाबागाडीत झोपलेलं. तिकिटाची खिडकी कुठेच नाही. नेमलेल्या वेळी छातीवर बिल्ला लावलेली एक व्यक्ती पुढे येते, घोळक्यावरून नजर फिरवते आणि कोण कुठून आलं ते विचारते. तिथून पुढचे सुमारे दोन तास ही व्यक्ती अनोळखी माणसांना आपलं गाव दाखवत हिंडते. फेरी संपल्यावर कुणी पाकीट काढलंच, तर ती हसून मान हलवते. फी नाही आणि बक्षिसीही नाही. संस्थेचा तो नियमच आहे.

संस्थेचं नाव लांबलचक आहे: असोसिएशन ऑफ व्हॉलंटरी गाइड्स टू द सिटी ऑफ यॉर्क. तिची सुरुवात १९५१ची. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, ब्रिटनमध्ये रेशनिंग अजून चालूच होतं. त्या वर्षी देशभर ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ साजरा झाला आणि यॉर्कने त्यात स्वतःचा महोत्सव भरवला. सेंट मेरीज ॲबी या पडक्या मठाच्या आवारात मध्ययुगातली ‘मिस्टरी प्लेज’ पुन्हा उभी राहिली. बायबलमधल्या कथांची ही नाटकं पूर्वी गावातल्या कारागिरांच्या संघटना करत असत, आणि त्यांचा शेवटचा प्रयोग १५६९ साली झाला होता. गावातल्याच शाळकरी मुली त्यात देवदूत झाल्या. त्यांतली एक पुढे नामवंत अभिनेत्री झाली, ज्यूडी डेंच. एवढे पाहुणे येणार तर त्यांना गाव कोण दाखवणार, हा प्रश्न आला, तेव्हा काही नागरिकांनी ते काम अंगावर घेतलं. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, इतका साधा विचार त्यामागे होता. महोत्सव संपला, फेऱ्या चालू राहिल्या.

दुकानात नेलं तर कमिशन मिळेल किंवा गोष्ट रंगवून सांगितली तर बक्षिसी वाढेल, असा हिशेब या गाइडला करावाच लागत नाही. त्यामुळे त्याच्या सांगण्याला एक निराळं वजन येतं. नक्की माहीत आहे ते तो नक्की म्हणून सांगतो, आणि पंडितांमध्ये वाद असेल तर वाद आहे असंही सांगतो. रोज नव्या घोळक्यासमोर उभं राहून हे करत राहणं सोपं नाही.

फेरी एटीच्या पुतळ्यापासून निघते, आणि तिथून निघण्यालाही अर्थ आहे. एटी यॉर्कचाच, जन्म १७८७चा. लंडनला जाऊन त्याने नाव कमावलं, पण जीव गावात अडकलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कच्या नगरपालिकेला गावाचा मध्ययुगीन तट म्हणजे अडगळ वाटू लागली होती. डागडुजीला पैसे लागत, वेशी अरुंद, गाड्या अडत. पालिकेने तट पाडायचं ठरवलं आणि काही ठिकाणी पाडलाही. वेशीपुढे आडोशाला केलेलं बांधकाम, आपल्याकडच्या किल्ल्यांवर जिभी म्हणतात त्या जातीचं, चारही मुख्य वेशींना होतं. त्यातलं आज एकाच ठिकाणी उरलंय, वॉल्मगेट बारला. एटीने पत्रं लिहिली, व्याख्यानं दिली, वर्गणी गोळा केली. त्याच्यासारख्या काही लोकांनी धरून ठेवल्यामुळे सुमारे साडेतीन किलोमीटरचा तट आजही गावाभोवती आहे. लोक सकाळी त्याच्या फांजीवरून ऑफिसला चालत जातात.

पुतळ्याजवळ उभं राहून पाहिलं की समोर बूथॅम बार ही वेस दिसते. तिच्या एका अंगाला तट चढत जातो आणि दुसऱ्या अंगाला मात्र काहीच नाही. तिथे वळणदार रस्ता आहे, कडेला देखणी, एकसारखी घरं. हा सेंट लिओनार्ड्स प्लेस. १८३०च्या दशकात तटाचा एक तुकडा पाडून तो काढला. तट वाचवणाऱ्या माणसाचा पुतळा नेमका पडलेल्या तटाच्या समोर आहे. फेरीची पहिली पाच मिनिटं या रिकाम्या जागेपाशी जातात, आणि पुढचं सगळं पाहण्याची नजर तिथेच तयार होते.

मग म्युझियम गार्डन्स. गवतात उभ्या असलेल्या मठाच्या कमानींची पडझड आठव्या हेन्रीच्या काळातली. १५३९ साली मठ बरखास्त झाला आणि त्याचे दगड गावात जिथे तिथे गेले. कमानींपलीकडे सेंट ओलाव्ह चर्चच्या आवारात एटीची कबर आहे. एवढं पाहून गाइड बागेच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळतो. फेरीतली खरी शिकवणी तिथे आहे.

तो कोपरा म्हणजे मल्टँग्युलर टॉवर, बहुकोनी बुरूज. रोमन सैन्याच्या नवव्या लीजनने इ.स. ७१च्या सुमारास इथे छावणी घातली आणि तिचं नाव एबोराकम पडलं. पुढे दगडी तट उभा राहिला, त्याच्या पश्चिम कोपऱ्याचा हा बुरूज. याच गावात २११ साली सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राट वारला आणि ३०६ साली कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट म्हणून पुकारलं. पण गाइड सम्राटांवर फार वेळ घालवत नाही. तो बोट भिंतीकडे करतो. खालचे दगड बघा, लहान, सारख्या आकाराचे, एका ओळीत बसवलेले. मधून लाल विटांचा एक पट्टा जातो. हे रोमन काम. वर नजर न्या, दगड मोठे होतात, रचना बदलते, बाण मारायच्या फटी येतात. हे तेराव्या शतकातलं. दोन्हींच्या मध्ये हजार वर्षं आहेत, आणि भिंत एकच.

ग्रंथालयाच्या मागे गेलं की हीच गोष्ट मातीत दिसते. इथे तटाला टेकलेला मातीचा बांध उत्खनन करून कापला आहे आणि प्रत्येक काळाची पातळी पायरीसारखी मोकळी ठेवली आहे. सगळ्यात खाली रोमन काळची जमीन. तिच्यावर रोमनांनंतरच्या शतकांतली भर, मग नॉर्मन, आणि सगळ्यात वर मध्ययुगीन तट. आलेल्या प्रत्येकाने आधीचं काढून टाकलं नाही, त्यावर माती लोटली आणि पुढचं बांधलं. चार पावलं चढायची आणि हजारभर वर्षं वर यायची. पुस्तकातला इतिहास ज्यांना कंटाळवाणा वाटतो तेही इथे थांबतात, लहान मुलं तर पुन्हा खाली उतरून पुन्हा चढतात.

याच बांधात एक छोटा दगडी बुरूज आहे, १८३९ साली सापडलेला. रोमन भिंतीला पडलेलं खिंडार बुजवायला तो बांधला असावा. त्याला अँग्लियन टॉवर म्हणतात. तो खरंच अँग्लियन लोकांच्या काळातला की त्याआधीच्या उत्तर रोमन काळातला, यावर पुरातत्त्वज्ञांचं एकमत नाही. इथे कुणीही एखादं शतक ठोकून देऊ शकला असता आणि ऐकणाऱ्यांनी ते मानलंही असतं. चांगला गाइड तसं करत नाही. नाव आहे, वय नक्की नाही, असं सरळ सांगतो. त्या एका वाक्याने त्याच्या बाकीच्या सगळ्या वाक्यांवर विश्वास बसतो.

या लोकांची उभं राहण्याची पद्धतही पाहण्यासारखी असते. ऊन असेल तर उन्हाकडे तोंड गाइड करतो, म्हणजे पाहुण्यांचे डोळे दिपत नाहीत. सगळ्यात शेवटचा माणूस येऊन पोचल्याशिवाय बोलायला सुरुवात होत नाही. मिन्स्टरच्या, म्हणजे गावातल्या कॅथीड्रलच्या, घंटा वाजू लागल्या तर तो वाक्य अर्धं सोडून थांबतो, आणि घंटा थांबल्या की त्याच शब्दापासून पुढे जातो. माईक नाही, झेंडा नाही. आवाज मात्र मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

बूथॅम बारवर चढून फांजीवरून चालायला लागलं की उजवीकडे मिन्स्टर सारखं दिसत राहतं. साधारण १२२० ते १४७२ एवढा काळ त्याचं आजचं रूप घडत होतं. पूर्वेची मोठी खिडकी जॉन थॉर्नटन या कॉव्हेंट्रीच्या कारागिराने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत पुरी केली आणि त्याला त्याचे ५६ पौंड मिळाले. टेनिसच्या मैदानाएवढी रंगीत काच. ही काच टिकली कशी, तर १६४४ साली यादवी युद्धात यॉर्क शरण आलं तेव्हा जिंकणाऱ्या सैन्यातला एक सेनापती थॉमस फेअरफॅक्स होता, तो यॉर्कशरचाच, आणि त्याने मिन्स्टरला हात लावू दिला नाही. दुसऱ्या महायुद्धात काचा काढून दूर ठेवल्या. १९८४च्या जुलैमध्ये दक्षिण बाजूच्या छताला आग लागली, तिथली गुलाबाकृती खिडकी तडकून गेली, पण पडली नाही.

यॉर्कमध्ये शब्द उलटे लागतात, हे फांजीवरून खाली उतरल्यावर कळतं. इथे रस्त्याला ‘गेट’ म्हणतात, कारण ८६६ साली गाव घेणाऱ्या व्हायकिंगांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता. वेशीला ‘बार’ म्हणतात. कॉपरगेट म्हणजे तांब्याचं दार नव्हे, लाकडी पेले करणाऱ्यांची आळी. कासारआळी किंवा तांबटआळी ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजायला दोन क्षण पुरतात. त्या आळीत १९७६ ते १९८१ खोदकाम झालं आणि व्हायकिंगांची घरं, लाकूड, चामडं, ओल्या मातीत टिकून राहिलेलं असं सगळं बाहेर आलं. गावातल्या बोळांना ‘स्निकलवे’ म्हणतात. शब्द जुनाट वाटतो, पण तो मार्क जोन्स यांनी १९८३ साली बोळांवर पुस्तक लिहिताना घडवला. गावाला तो इतका आवडला की आता तो गावाचाच झाला.

गुडरॅमगेटला १३१६च्या सुमाराची घरांची एक बुटकी ओळ आहे, खाली आजही दुकानं चालतात. तिथून पाच मिनिटांवर शॅम्बल्स. ही खाटकांची गल्ली. घरांचे वरचे मजले पुढे झुकलेले, इतके की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल असं वाटतं. मांसावर ऊन पडू नये म्हणून हे असं बांधलं, असं सांगतात. काही दुकानांपुढे मांस टांगायचे आकडे अजून आहेत.

इथे मार्गारेट क्लिदरोचं घर दाखवतात. ती एका खाटकाची बायको. कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या आरोपावरून १५८६च्या मार्चमध्ये तिला पकडून उभं केलं, पण तिने कोर्टात उत्तरच द्यायला नकार दिला, कारण खटला चालला असता तर तिच्या मुलांना साक्षीला ओढलं असतं. उत्तर न देणाऱ्याला त्या काळी एकच शिक्षा होती. अंगावर दार ठेवून त्यावर दगड रचत गेले. १९७० साली पोपने तिला संत ठरवलं. शॅम्बल्समध्ये ३५ नंबरच्या घरात तिचं प्रार्थनास्थळ आहे आणि लोक तिथे मेणबत्त्या लावतात. ती राहत होती ते घर मात्र बहुधा समोरच्या ओळीतलं. हे सांगताना गाइडचा आवाज खाली येतो, कारण आत कुणीतरी गुडघे टेकून बसलेलं असतं. सांगायचं तर असतंच, पण त्या माणसाच्या श्रद्धेला धक्का न लावता.

दोन तासांत सगळं बसत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला क्लिफर्ड्स टॉवर आहे. ११९०च्या मार्चमध्ये जमावाला भिऊन तिथल्या लाकडी गढीत आसरा घेतलेले सुमारे दीडशे ज्यू स्त्री-पुरुष आणि मुलं मेली, बरीचशी स्वतःच्याच माणसांच्या हातून, काही जमावाच्या. तिथे स्मरणफलक बसला तो १९७८ साली. जी फेरी तिथवर जात नाही, तिच्यातही या गोष्टीला जागा मिळायला हवी. गावाचा अभिमान सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

अडचणी काही कमी नाहीत. तटावर पायऱ्या आहेत, आतल्या बाजूला कित्येक ठिकाणी कठडा नाही, चाकाच्या खुर्चीने वर जाता येत नाही. बर्फ पडला की फांजी बंद, मग ऐन वेळी वाट बदलावी लागते. ऊझ नदीला पूर आला की काठावरच्या गल्ल्या पाण्यात जातात. शॅम्बल्समध्ये तर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. हॅरी पॉटरच्या चित्रपटातल्या गल्लीशी तिचं साम्य दिसतं म्हणून जादूच्या वस्तूंची दुकानं लागली आणि त्यांच्यासमोर रांगा. चित्रीकरण इथे झालेलंच नाही, तरी गर्दी हटत नाही. तिच्यात पंधरा-वीस जणांचा घोळका एकत्र ठेवणं आणि एका संताच्या मरणाबद्दल बोलणं किती अवघड असेल, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

याहून मोठी काळजी दुसरी आहे. आता जगभरच्या गावांत ‘फुकट’ फेऱ्या निघतात, त्यात शेवटी गाइडचं पोट बक्षिसीवर चालतं, आणि त्यात चूक काहीच नाही. पण त्यामुळे ‘फुकट’ या शब्दाचा अर्थच बदलला. एटीच्या पुतळ्यापाशी आलेला पाहुणा आधीच मनात नोट तयार ठेवून येतो, आणि नकार मिळाला की गोंधळतो. काही जणांना संशयही येतो, यात गोम काय आहे म्हणून. त्यांना हे समजावून सांगण्यात फेरीची शेवटची काही मिनिटं जातात.

या कामाला माणसं लागतात. आठवड्यातून काही तास मोकळे असलेली, पाय आणि आवाज दोन्ही शाबूत असलेली, एक अख्खं गाव डोक्यात बसवायची तयारी असलेली, आणि मोबदल्यात काहीच न मागणारी. असे तास बहुधा निवृत्तीनंतरच हाताशी येतात. तरुणांना नोकरी आहे, घरभाडं आहे, आणि यॉर्कसारख्या पर्यटकांच्या गावात घरं स्वस्त नाहीत. जुन्या गाइडला एक दिवस तटाच्या पायऱ्या चढवेनाशा होतात, तेव्हा त्याची फेरी कुणीतरी दुसऱ्याने उचलावी लागते. भिंतीतला लाल विटांचा पट्टा नेमका कुठून दाखवायचा, घंटा वाजू लागल्या की कुठल्या शब्दावर थांबायचं, हे त्या दुसऱ्याला पहिल्याच्या मागे चालूनच शिकावं लागतं. सकाळची फेरी सुटते तेव्हा दुपारच्या फेरीचा गाइड घरून निघालेला असतो. अजून तरी असतो.